सत्तावीस वर्षांत एकतीस हजार किलोमीटर

गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही सापडली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानदार उधारी लिहायला वापरतात तशी. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली कुंकवाचं बोट, आणि तारीख जानेवारी १९९७ची. पुढच्या प्रत्येक ओळीत गाडीची एकेक फेरी: तारीख, निघतानाचा आकडा, परत आल्यावरचा आकडा, शेवटी कारण आणि किलोमीटर. 'जोतिबा. ४१.' 'लग्न, निपाणी. ९२.' 'पुणे विमानतळ, पाहुणे. ४८६.' 'वरात. ६.' अक्षर सगळीकडे एकच, शाई तेवढी बदलत गेलेली. शेवटची नोंद २०११ची. आकडा ३१,२१४. त्यानंतर कोरी पानं.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का, हे वाचण्यात माझा अर्धा दिवस जातो. त्यामुळे ही वही हातात आल्यावर गाडी बघायची सोडून मी बंगल्याच्या पायरीवर बसलो आणि ती सलग वाचून काढली. चौदा वर्षांत एकतीस हजार, आणि पुढच्या तेरा वर्षांत शून्य. माझ्या टीममधले लोक ऑफिसला जाऊन-येऊन दोन-अडीच वर्षांत एवढं चालवतात. आणि वहीतल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या लग्नकार्याच्या होत्या.

गाडी म्हणजे मर्सिडीज ई २२०. कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४. गडद निळी, एमएच ०९ नंबरची, म्हणजे कोल्हापूरची. मालक फाउंड्रीवाले होते. मित्राच्या मामांकडून कळलं होतं, की बंगल्याच्या मागे ताडपत्रीखाली एक जुनी मर्सिडीज उभी आहे, घरचे काढून टाकणार आहेत आणि भंगारवाला ऐंशी हजार म्हणतोय. मी अडीच लाखांना घेतली. आईचं म्हणणं होतं की हे पैसे फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे आहेत. ते खरंच होतं. अजूनही खरं आहे.

पण मला ही गाडी का हवी होती, हे आईला सांगताना मी जे बोललो ते अर्धवट होतं. मी चिंचवडचा. ही गाडी जोडली गेली ती पिंपरीत, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. ती पहिल्यांदा रस्त्यावर आली त्याच वर्षी माझा जन्म. एवढं आईला सांगितलं. वही वाचल्यानंतर मात्र वेगळाच प्रश्न डोक्यात बसला. एवढी चांगली गाडी एका माणसाने मेहनतीच्या पैशाने घेतली, तर ती चालवली का नाही?

* * *

आपल्याकडे मर्सिडीजचा तारा पहिल्यांदा गावोगाव पोचला तो ट्रकवर. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ साली रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी सुरू झाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. नाव टाटा-मर्सिडीज-बेंझ, आणि समोर जाळीवर तीन टोकांचा तारा. १९६९ साली करार संपला, तारा गेला, त्या जागी टाटांचा 'टी' आला. तोपर्यंत या देशातला कांदा, सिमेंट आणि कापूस पंधरा वर्षं त्या ताऱ्यामागून फिरला होता. आजही साठीच्या पुढचा एखादा ट्रक ड्रायव्हर 'मर्सिडीज' म्हणाला तर त्याच्या डोळ्यासमोर ट्रक येत असण्याची बरीच शक्यता आहे.

मोटारीचं तसं नव्हतं. १९५३ साली सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. टप्प्याटप्प्याने गाडी इथे बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८पासून जोडणीचा कारखाना होता, तो १९५४ साली बंद झाला. फोर्डही गेली. उरल्या त्या अ‍ॅम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. परदेशी मोटारीवर आयात कर शंभर टक्क्यांच्या वर, शिवाय परवाना. मर्सिडीज दिसायची ती वकिलातीच्या आवारात, फार थोड्या उद्योगपतींकडे आणि सिनेमावाल्यांकडे. परदेशी वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि त्यांच्यासाठी रांगा लागत. दुसऱ्याने वापरलेली गाडीसुद्धा सरकारच्या हातून घ्यावी लागायची.

ऐंशीच्या दशकात 'देशी लक्झरी' आली. १९८४च्या सुमाराची काँटेसा ही ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉलची तिकडे बंद पडलेली गाडी. १९८५ची स्टँडर्ड २००० तर आणखी गमतीची: अंग रोव्हरचं, देखणं, आणि पोटात कित्येक वर्षांपूर्वीचं दोन लिटरचं इंजिन. मी इंजिनिअर असल्यामुळे मला हे वाचून हसू येतं, आणि मग आठवतं की आपणही जुन्या सर्व्हरवर नवं अ‍ॅप चढवत असतोच.

१९९१च्या जुलैमध्ये नवं औद्योगिक धोरण आलं, पण मोटारी लगेच मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांचा परवाना १९९३ साली उठला. मग एकदम गर्दी झाली. कल्याणला प्युजो, नाशिकला महिंद्रांबरोबर फोर्ड एस्कॉर्ट, गुजरातेत हलोलला ओपेल अ‍ॅस्ट्रा. डाइम्लर-बेंझ पुन्हा आपल्या जुन्या सोबत्याकडेच आली. १९९४ साली टेल्कोबरोबर मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ साली टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात जोडणी सुरू झाली. जमशेदपूरला ट्रकवर असलेला तारा सव्वीस वर्षांनी पुण्यात मोटारीवर आला.

हा पुण्याचा कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभा केलेला, १९६६पासून. इमारतींच्या आधी त्यांनी तिथे झाडं लावली, तळं केलं, अशी त्यांची ख्याती. टाटा सुमोच्या नावातली 'सु' आणि 'मो' ही अक्षरं त्यांचीच. सुमो १९९४ साली आली आणि पुढच्याच वर्षी त्याच आवारात जर्मन गाडी जोडली जाऊ लागली. माझ्या लहानपणी चिंचवडमध्ये 'टेल्कोत आहेत' एवढं सांगितलं की लग्न ठरायचं.

पण डब्ल्यू १२४ ही तेव्हा नवी गाडी नव्हती. जर्मनीत ती १९८४च्या अखेरीस आली होती. १९९५ साली तिकडे तिची जागा नव्या, गोल दिव्यांच्या मॉडेलने घेतली. ज्या वर्षी तिकडे निरोप, त्याच वर्षी इथे सत्यनारायण. तरी जुनं देऊन फसवलं, असं मला म्हणवत नाही, कारण ही गाडी मुळात फार चांगली होती. ब्रुनो साको यांच्या हाताखाली तिचं रूप ठरलं. हवा कापण्याचा तिचा गुणांक साध्या मॉडेलमध्ये ०.२९पर्यंत खाली होता, आणि आज चाळीस वर्षांनीही बऱ्याच गाड्यांना तिथे पोचता येत नाही. पुढच्या काचेला एकच वायपर, पण फिरताना तो मध्येच लांब होतो आणि मग आखडतो, त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांचा आधार. दारांची कुलुपं हवेच्या दाबावर चालतात. किल्ली फिरवली की चारही दारं एकामागून एक सुस्कारा टाकतात.

* * *

आता टॅक्सीकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

जर्मनीत १९७१पासून टॅक्सीचा रंग ठरलेला होता, फिका हस्तिदंती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथल्या कुठल्याही स्टेशनबाहेर या रंगाच्या मर्सिडीज ओळीने उभ्या असायच्या, बऱ्याचशा डिझेल. डब्ल्यू १२४ त्यातली मुख्य. टॅक्सीवाला घ्यायचा ते मॉडेल आपल्याला लक्झरी वाटणारच नाही: कापडी किंवा रेक्झिनच्या सीट, हाताने फिरवायच्या काचा, बाकी काही हवं असेल तर जादा पैसे. ती घ्यायची ती टिकते म्हणून. तिकडे लाखो किलोमीटर झाले की मोरोक्कोला, पूर्व युरोपात, आफ्रिकेत जायची आणि पुन्हा टॅक्सी व्हायची. एकूण पंचवीस लाखांहून अधिक डब्ल्यू १२४ बनल्या. एवढ्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मीळ दागिना नसते.

त्याआधीच्या पिढ्यांतली एक गाडी मर्सिडीजच्या श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साखिनिदिस यांची १९७६ची २४० डी. इंजिनं बदलत, दुरुस्त करत त्यांनी ती ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली कंपनीला दिली. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला. माझ्या गाडीच्या सुमारे १४७ पट.

हीच जातकुळी आपल्याकडे आली आणि सिंहासन झाली. यात आपला नुसता मोठेपणाचा हव्यास आहे, असं म्हणणं सोपं आहे, आणि मीही आधी तसंच म्हणत होतो. पण चाळीस वर्षं एखादी गोष्ट कर आणि परवाने यांच्या कुंपणात ठेवली, की कुंपण निघाल्यावरही माणूस तिला हात लावताना आधी हात पुसतो. त्यात सुटे भाग बाहेरून यायचे, मोठ्या शहरांबाहेर दुरुस्ती करणारे नव्हते, आणि रस्ते कसे होते ते सांगायला नको. कोल्हापुरात १९९७ साली मर्सिडीजचा एक आरसा फुटला तर काय करायचं? न फुटू देणं हाच उपाय, आणि त्यासाठी गाडी घरी ठेवणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

मानाचा भाग होताच. कोल्हापुरात तर मोटार आणि मान यांचं नातं फार जुनं. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्याला दसरा चौकात येते तेव्हा लोक तिच्याकडे पालखीकडे बघावं तसं बघतात. आणि हे नव्वदच्या दशकात संपलं नाही. २०१० साली औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, साधारण ६५ कोटींचा व्यवहार. शहराचं नाव झालं म्हणून पेढे वाटावेत तशा बातम्या आल्या. पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं होतं की या गाड्यांना मिळालेलं कर्ज शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा स्वस्त होतं. ते वाचल्यापासून मला त्या बातमीतला अभिमान नीट गिळता आलेला नाही.

* * *

वहीत २००२ सालची एक नोंद आहे: 'पन्हाळा, पाहुणे (जर्मनी). ४४.' तिच्या खालच्या नोंदीची तारीख पाच महिन्यांनंतरची. एवढी मोठी फट आधी कुठेच नव्हती. त्यानंतर तर नोंदी विरळच होत गेल्या. मी आजींना विचारलं. आजी म्हणजे मालकांच्या पत्नी, आता ७८ वर्षांच्या. मालक २००९मध्ये गेले, शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी पुतण्याने त्यांच्यासारखंच अक्षर काढून केलेल्या. हे मला आधी ओळखूही आलं नव्हतं.

आजी हसायलाच लागल्या. "आरं, त्यो गोरा पाव्हणा माल बघायला आल्ता. आत बसला, सगळीकडनं हात फिरवला, आन् म्हनला काय, तर आमच्या गावाकडं ही टॅक्सी असत्या! पुतन्यानं मराठीत सांगितलं. चांगल्या मनानं म्हनला की त्यो. आमचा बाप टॅक्सी चालवायचा, ह्याच गाडीनं शिकीवलं आमाला, असं बी म्हनला. पर ह्यांचं तोंड उतरलं ते उतरलं."

मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं, म्हणजे मालकांबद्दल. ते शेतकऱ्याच्या घरातले. कोल्हापूरच्या फाउंड्र्या उभ्या राहिल्या त्या शेतीच्या कामावर, पाणी उपसायच्या ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे भाग ओतत. भट्टीपुढे उभं राहून त्यांनी धंदा वाढवला. आजी सांगत होत्या की गाडी आली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाच्या ब्लॉकवर बोटाने टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "बीडच हाय की गं!" आणि बरोबर होतं ते. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. त्यांनी आयुष्यभर जे ओतलं त्याच धातूचं. तारा बघून गाडी घेतली असेल, पण ओळख पटली ती बिडाने. आणि मग कोणीतरी सहज म्हणतो की ही टॅक्सी.

"मी म्हनलं ह्यास्नी," आजी पुढे म्हणाल्या, "टॅक्सी तर टॅक्सी, मला एक डाव वाडीला न्या तिच्यातनं. तर म्हनले, वाडीच्या रस्त्याला उसाच्या गाड्या असत्यात, घासंल. मी आपली यष्टीनं."

वाडी म्हणजे नृसिंहवाडी. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरही नाही. वही मी पुन्हा पाहिली. तिरुपती आहे, एकदा मुंबई आहे, निपाणी, बेळगाव, सांगली आहे. वाडी नाही. आणि आजी दर पौर्णिमेला वाडीला जाणाऱ्या.

व्यवहाराचं पुतण्याशी बोल, माझी एक अट आहे, असं आजी म्हणाल्या. ती काय असणार ते माझ्या लक्षात आलंच होतं. मी हो म्हणालो. सहा महिने लागतील, असंही म्हणालो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असाच अंदाज देतो.

* * *

गाडी फ्लॅटबेडवर चिंचवडला आली. माझ्या ओळखीचे गॅरेजवाले काका १९९५-९६मध्ये पिंपरीच्या त्या जोडणीच्या कामावर होते. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "दार ठीक आहे. बाकी सगळं गेलंय असं समजून चालू."

मला वाटत होतं, एकतीस हजार चाललेली गाडी म्हणजे नवीच. जाहिरातीत 'कमी चाललेली' असं लिहितात ते गुण म्हणून. काकांनी पहिल्याच दिवशी हा समज काढला. चालणाऱ्या गाडीत तेल फिरतं, रबर हलतं, पाणी तापून उडून जातं. उभ्या गाडीत हे सगळं जागच्या जागी बसून राहतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरांवर शेवटी ०४ होतं. खाचा पूर्ण शिल्लक, पण रबर वहाणेच्या टाचेसारखं टणक. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, त्या ओलीने आतून गंज धरतो. चारही कॅलिपर जाम होते. टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येत होता आणि तळाशी डिंकासारखा थर होता. मागच्या सीटखाली उंदरांनी दोन-तीन पिढ्यांचा संसार केला होता, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे घेऊन. इंजिनाकडे जाणाऱ्या वायरी त्यांनीच कुरतडलेल्या.

सगळ्यात जास्त धीर लागला तो इंजिन सुरू न करण्याला. माझा हात सारखा किल्लीकडे जायचा. काकांनी किल्लीच काढून घेतली. तेरा वर्षं थांबलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात. तसंच फिरवलं तर रिंगा भिंती ओरबाडतात. आधी स्पार्क प्लग काढून भोकांतून तेल सोडलं. चार दिवस मुरू दिलं. मग क्रँकला पाना लावून हाताने फिरवायचं, जोर न लावता. पहिल्या दिवशी हललं नाही. दुसऱ्या दिवशी पाव फेरा. तिसऱ्या दिवशी एक पूर्ण फेरा झाला तेव्हा काका काही बोलले नाहीत, चहा मागवला.

पेट्रोलच्या नळ्यांचा वेगळाच किस्सा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि १९९६ची रबरी नळी त्याचा विचार करून बनवलेली नाही. ती फुगते, मऊ पडते, चिरते. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळ्या रबरी नळ्या, सील आणि पंप बदलले. हे इथेनॉल बरंचसं उसातून येतं. उसाच्या गाड्या घासतील म्हणून जी गाडी वाडीला गेली नाही, तिच्या टाकीत आता ऊसच आहे.

वायपरच्या दातेचाकांमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. साफ करून नवं भरलं, तर तो पुन्हा लांब-आखूड होऊ लागला. दारांच्या कुलुपांचा हवेचा पंप चालू होता, एक नळी निसटली होती एवढंच. गाडीत दोन रुपयांत झालेलं काम हे एकच. बाकी हिशेब मी वहीत लिहिला नाही. साधारण चार लाख. आईला तीन सांगितलेत.

आणि मग आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, ती २०१२ साली संपलेली. मालक हयात नाहीत, म्हणजे आधी वारसाच्या नावावर, मग कोल्हापूरचं ना-हरकत पत्र, मग माझ्या नावावर, मग तपासणी, मग नूतनीकरण. वर पर्यावरण कर आणि विलंबशुल्क वेगळं. जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२च्या एप्रिलमध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. माझी फाइल टेबलांवरून फिरत असताना, २०२५च्या ऑगस्टमध्ये, वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. व्हिंटेज म्हणून सवलत हवी तर गाडी पन्नास वर्षांची लागते. सत्तावीस-अठ्ठावीस म्हणजे ना नवी, ना वारसा. कायद्याच्या दृष्टीने नुसती म्हातारी. जुन्या गाड्या जास्त धूर सोडतात, तेव्हा त्यांच्यावर जास्त कर असावा हे मला पटतं. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला आणि रोज शंभर चालणाऱ्या गाडीला एकच माप का, हे पटत नाही. पण खिडकीपलीकडच्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि आजींचा फोन दर पौर्णिमेला यायचा.

"लागली का रं?"

"नाही आजी, अजून थोडं राहिलंय."

मार्चमध्ये फोन आला नाही. पुतण्याला विचारलं तर आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मी त्या रात्री गॅरेजमध्ये गेलो. गाडी चार स्टँडवर उभी, एकही चाक नाही, पुढच्या सीट काढून ठेवलेल्या. मी दिलेल्या सहा महिन्यांतले चार संपले होते. वाचताना हे मजेशीर वाटेल कदाचित, पण तोपर्यंत हा माझा छंद होता, आणि त्या रात्रीपासून ते कुणाचं तरी देणं झालं.

* * *

गेल्या डिसेंबरात आम्ही गेलो. गाडी आदल्या दिवशी चिंचवडहून कोल्हापूरला चालवत आणली. खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा जरा वर सरकला, तेवढाच धसका. आजी काठी घेऊन बाहेर आल्या आणि सवयीने मागच्या दाराकडे वळल्या. त्या गाडीत त्या कायम मागेच बसल्या होत्या, वरमायांच्या मध्ये. पाय लांब करता येईल म्हणून मी त्यांना पुढे बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, पदराने थोडी धूळ पुसली आणि म्हणाल्या, "हितनं रस्ता दिसतोय की सगळा."

हातकणंगल्यापर्यंत नातेवाइकांची माहिती मिळाली. जयसिंगपूरला डोळा लागला. शिरोळच्या अलीकडे रस्ता अरुंद झाला आणि समोरून ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, उसाने दोन्ही अंगांना ओसंडलेल्या. मी डावीकडे जेवढी घेता येईल तेवढी घेतली. पहिली ट्रॉली गेली. दुसरीतला एक बाहेर आलेला ऊस मागच्या दारापासून डिकीपर्यंत करकरत गेला.

मी गाडी थांबवून उतरलो. हातभर ओरखडा, खालचा पत्रा दिसेल असा. काकांनी नुकताच पॉलिश केलेला रंग. मी वाकून त्याच्यावरून बोट फिरवत होतो तेवढ्यात आतून काठी काचेवर वाजली.

"झालं का बघून? चल की, पालखी चुकंल."

पालखी चुकली नाही. येताना त्यांनी बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली, काकांसाठी वेगळी बांधून दिली. रात्री बंगल्यावर परत आल्यावर मी वही काढली. पेन चालेना, तर त्यांनी आतून दुसरं आणून दिलं, आणि मी बरोबर लिहितोय ना ते बघायला शेजारी उभ्या राहिल्या.

'नृसिंहवाडी. ९८.'